सत्ताविसाव्या दिवसाची आंघोळ

मुलीचा जन्म मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी झाला. सिझेरियन करावं लागलं. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. नऊ चाळीसला नर्स तिला हिरव्या कापडात गुंडाळून बाहेर घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "याआधी कधी लहान बाळ घेतलंय?"

"नाही."

"मग आधी बसा."

मी बसलो. तिने माझा डावा हात धरून कोपरात वाकवला, तिथे मुलीचं डोकं टेकवलं आणि सांगितलं, "आधी मान, मग बाळ. मान सांभाळली की बाकीचं जमतं." मुलीने एक डोळा उघडला, पाहिलं, मिटला. नऊ बेचाळीसला तिने माझा शर्ट ओला केला.

ही वेळ मी खिशातल्या वहीत लिहिली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बारा वर्षं उपसंपादक म्हणून काढल्यावर हात वहीकडे आपोआप जातो. पहिल्या आठवड्याच्या नोंदी अजून आहेत. "७.४० शू. ७.५५ शू. ८.१० शू (शर्ट). ८.३० दूध. ८.५० ढेकर, खांद्यावर, सात वेळा थोपटल्यावर." बायकोने ती वही हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या वाचली आणि म्हणाली, "अरे, हिच्याकडे पण बघ जरा. फक्त घड्याळाकडे काय बघतोस?" हसल्यावर टाके दुखत असल्यामुळे पुढचं वाचायचं तिने लांबणीवर टाकलं.

शनिवारी आम्ही वाघोलीच्या घरी आलो. बायको खराडीच्या एका कंपनीत काम करते. तिला सहा महिन्यांची रजा होती. मला पंधरा दिवसांची. तिची आई यवतमाळहून आधीच येऊन राहिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, अशी त्यांच्याकडची रीत. पण बायकोची डॉक्टर पुण्याची होती आणि सातव्या महिन्यात तिने बारा तासांचा प्रवास नको म्हटलं होतं. सासूबाईंनी ते मान्य केलं होतं. विसरल्या मात्र नव्हत्या.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळापत्रक सांगितलं. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्यासाठी सासूबाईंना मुलीच्या जन्मापासून सत्ताविसाव्या दिवशी, रविवारी, निघावं लागणार होतं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, गाडी घेऊन येणार होता.

"दोघींलेही नेतो सोबत," त्या म्हणाल्या. "तीन महिने. तिकडं आंघोळ घालणारी बाई आहे, घरात माणसं आहेत. इथं कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणालो.

सासूबाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. जावयाकडे त्या नेहमीच आदराने पाहतात. "तुम्ही आहातच, जवाईबापू. पण पोरीले आंघोळ कोण घालन?"

प्रश्न नेमका होता. डॉक्टरने बायकोला सहा आठवडे खाली बसायला आणि वाकायला मनाई केली होती. सासूबाईंचे गुडघे जमिनीवर बसू देत नव्हते. माझी आई हयात नाही. हडपसरला राहणारे माझे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "संध्याकाळची काळजी नको. तीन ते अकरा मी येतो. दुसरी पाळी आयुष्यभर केली आहे. पण आंघोळ मला जमणार नाही. तुला मी पहिल्यांदा उचललं तेव्हा तू चार महिन्यांचा होतास, आणि तेसुद्धा तुझ्या आईने ढकललं म्हणून."

माझी शिफ्ट दुपारी चारला सुरू होते. सकाळ मोकळी असते. म्हणजे उरली ती आंघोळच. बायको म्हणाली, "आई, तो शिकेल. ट्रायल तर दे."

"शिकले तर राहा," सासूबाई म्हणाल्या. "नाही तर गाडी आहेच."

नाळ नवव्या दिवशी, बुधवारी पडली. तोपर्यंत ओल्या कापडाने पुसणं चालू होतं आणि ते मला येऊ लागलं होतं. गुरुवारी आंघोळ घालणाऱ्या मावशी आल्या. वाघोलीच्या जुन्या वस्तीतल्या, साठीच्या पुढच्या. रोज सकाळी चार घरं करत. आमचं तिसरं. दारात चपला काढता काढता त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या तुमच्या बी बिल्डिंगच्या जागी आमचा कांदा हुता." मग हात धुतले आणि मुलीला मागितलं.

त्यांची पद्धत अशी. बाथरूममध्ये पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर लांब, पावलं जुळवलेली. नडग्यांवर बाळ, डोकं पावलांकडे, पाय आपल्या पोटाकडे. दोन नडग्यांच्या मधली खाच हाच बाळाचा पाळणा. डावा हात सतत बाळावर, उजव्या हातात तांब्या. तेल आधी बाहेर, सतरंजीवर. नाका-कानात तेल नको, धुरी नको, असं डॉक्टरने बजावलं होतं. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता डाक्टर म्हंतोय तर न्हाई घालत. त्याचं बी प्वाट हाय."

मी पाण्यासाठी डिजिटल थर्मामीटर आणला होता. तो बादलीत बुडवताना त्यांनी पाहिलं.

"ताप कुणाला हाय? पोरीला का पाण्याला?"

"किती गरम आहे ते बघतोय, मावशी."

त्यांनी कोपर बादलीत बुडवलं, काढलं आणि अर्धा तांब्या गार पाणी ओतलं. थर्मामीटरवर सदतीस आला. दुसऱ्या दिवशीही सदतीस. तिसऱ्या दिवशी थर्मामीटर मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कोपर बुडवायला शिकलो.

आंघोळ सुरू झाली की मावशी बोलत. पहिल्या तांब्यापासून शेवटच्या तांब्यापर्यंत, न थांबता, मुलीशी.

"आलं गं बाय पानी, आलं. काय बघतीस? रस्त्याला आज लई गर्दी. फाट्यावर कंटेनर आडवा झालाय, पोरं कॉलेजला चालत निघाली. आमची म्हैस याली काल. तिला बी लेकच झाली, तुझ्यावानी काळ्या डोळ्यांची. हां, आता पाठ. पाठ दे बाय. आता तू सांग तुझ्या घरचं. तुझ्या बापाला बसता येत न्हाई धड, हेच ना?"

मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत असे. क्वचित रडे. ती त्यांच्या पायांवर हलत नसे, जणू तो पाट तिच्या मापाचा बनवला होता.

मी दारात उभं राहून सगळं लिहून घेतलं. चार दिवसांत चार पानं झाली. मग त्याचं एक पान केलं. तेच माझं काम आहे. बातमीदार आठशे शब्द पाठवतो, जागा तीनशेची असते. उरलेले पाचशे कुठले, ते मला वाचता वाचता दिसतात. क्रम ठेवला. तेल, पाणी, कोपर, पाय, पुढची बाजू, केस, पाठ, पुसणं, झबलं, टोपडं, दुपटं. म्हैस काढली. कंटेनर काढला. मावशींचं बोलणं सगळंच काढलं. त्याने माहितीत भर पडत नव्हती. ते एक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाथरूमच्या दाराला आतून चिकटवलं.

खरी अडचण पायांची होती. बारा वर्षं खुर्चीवर बसल्यानंतर मला पाय सरळ लांब करून बसता येत नाही, हे तोपर्यंत ठाऊक नव्हतं. पाय लांब केले की गुडघे वर येत.

"खाली घ्या ते," मावशी म्हणाल्या. "दिवेघाट केलाय नुसता. पोरगी घसरंल की."

त्या दिवसापासून सकाळचे पेपर मी हॉलमध्ये जमिनीवर बसून, पाय लांब करून वाचू लागलो. पहिल्या दिवशी दोन पानं जमली. सहाव्या दिवशी चारही पेपर पुरवण्यांसकट. सोबत सरावाला तांदूळ. उशीच्या अभ्र्यात तीन किलो तांदूळ भरले, वरच्या बाजूला गाठ मारली, ते डोकं. पिशवी नडग्यांवर ठेवायची, डावा हात न काढता पालथी करायची, पुन्हा उताणी. दोनदा गाठ सुटली. सासूबाई सोफ्यावर बसून लसूण सोलत होत्या.

"तांदूळ सांडला तर वेचता येते, जवाईबापू," त्या म्हणाल्या.

"आई!" आतून बायको ओरडली.

"मी काय म्हटलं? तांदळाचंच म्हटलं."

मावशींचं मत वेगळं होतं. "तांदूळ रडत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याचं सोपं हाय."

पंधरा दिवस संपले आणि मी कामावर रुजू झालो. सकाळचा क्रम तोच ठेवला. चोविसाव्या दिवशी, गुरुवारी, मावशी पाटावरून उठल्या आणि म्हणाल्या, "बसा. आता बगू."

पाणी तयार होतं. कोपर बुडवलं, बरोबर होतं. पाय लांब होते, गुडघे खाली. बायको दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पंचा. मावशींनी मुलीला माझ्या नडग्यांवर ठेवलं. मान आधी. मी दारावरच्या पानाकडे एकदा पाहिलं आणि पहिला तांब्या पायांवर ओतला.

मुलगी रडली. ते साधं रडणं नव्हतं. सगळं अंग ताठ करून, मुठी आवळून, तोंड लाल करून. मी क्रम सोडला नाही. पाय, पोट, हात, केस, पाठ. एकही पायरी चुकली नाही. घसरली नाही, नाकात पाणी गेलं नाही. पहिल्या तांब्यापासून पंच्यात गुंडाळेपर्यंत ती रडत राहिली. लिफ्टजवळच्या शेजारीण बाईंनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. हॉलमध्ये गेल्या आणि फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात मुलाला म्हणाल्या, "शनिवारी रात्रीपर्यंत ये. रविवारी दोघींले घेऊन निघायचं."

बायको मुलीला घेऊन आत गेली. मी पाटावर तसाच बसून होतो. मावशी बादली उपडी करत होत्या.

"चुकलं कुठं?" मी विचारलं. "सगळं तुमच्यासारखंच केलं."

"मुकाट्यानं केलं की," मावशी म्हणाल्या. "एक शबुद न्हाई. पोरीला काय कळंल, कोन हाय, काय करतंय? भांडं घासताय व्हय? मी भांड्यासंगं बी बोलते."

मी दारावरच्या पानाकडे पाहिलं. तिथे मावशींचं बोलणं नव्हतं. ते मीच काढलं होतं.

"काय बोलायचं असतं?"

"आता ते बी मीच सांगू?" त्यांनी पदराला हात पुसले. "तुमाला जे येतं ते बोला."

शुक्रवारी सकाळी सहाला मावशींचा फोन आला. लोणीकंदला दिलेल्या त्यांच्या मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. त्या निघाल्या होत्या. परत कधी येणार ते नक्की नव्हतं. त्या दिवशी आणि शनिवारी मुलीला पुन्हा ओल्या कापडाने पुसलं. सासूबाईंनी बॅग भरायला घेतली. सहा टोपडी, नऊ झबली, बारा लंगोट, चार दुपटी.

मी तांदळाची पिशवी काढली. तांदळाशी बोलायचा प्रयत्न केला. मावशींचं वहीतलं बोलणं आठवून म्हणालो, "आलं गं बाय पाणी." बायको आतल्या खोलीत हसली. पोटाला उशी धरून हसली, तरी दुखलं. "नको नको," ती म्हणाली. "तू नाटकात काम केल्यासारखं बोलतोयस."

"मग काय बोलू?"

"मला काय माहीत? ऑफिसमधून आल्यावर माझ्याशी काय बोलतोस?"

मी आठवून पाहिलं. मी तिला दुसऱ्या दिवसाचा पेपर सांगतो. लग्नाला पाच वर्षं झाली, रोज सांगतो. शनिवारी शहराचं पान माझ्याकडेच होतं.

मेहुणा शनिवारी रात्री पोचला. रविवारी सकाळी दहाला निघायचं ठरलं. साडेसातला मी गीझर लावला आणि सासूबाईंना म्हणालो, "जायच्या आधी आंघोळ घालून देतो." त्यांनी मानेनेच हो म्हटलं. प्रवासाला निघणाऱ्या बाळाची आंघोळ व्हायलाच हवी होती आणि घालणारं दुसरं कोणी नव्हतं.

दारावरचं पान मी काढून ठेवलं. पाय लांब केले. बायकोने वाकायचं नाही म्हणून मेहुण्याने मुलीला आणून ठेवलं. त्यानेही कधी बाळ घेतलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. मी म्हणालो, "आधी मान."

पहिला तांब्या ओतला. मुलीचं तोंड वाकडं झालं. हनुवटी थरथरली. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं.

"गुरुवारी शहराच्या पूर्व भागात पाणी बंद," मी म्हणालो. "शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. हनुवटी थांबली.

"नागरिकांनी पाणी जपून वापरावं." दुसरा तांब्या. "मार्केट यार्डात मेथीची आवक वाढली. जुडी स्वस्त. कोथिंबीर मात्र तेजीत." पोट झालं. "किमान तापमानात दोन अंशांनी घट. आकाश निरभ्र राहील." हात झाले. मूठ उघडून बोटांच्या मधली जागाही झाली. "हडपसरला सोसायटीच्या डक्टमध्ये अडकलेल्या मांजराची सुटका. तीन तास प्रयत्न. मांजर सुखरूप."

"कोणतं मांजर?" मेहुण्याने विचारलं.

"चूप बस ना," बायको म्हणाली.

केस धुताना मुलगी रडली. मी हवामान पुन्हा सांगितलं. ती थांबली. पाठीसाठी पालथी केली तेव्हा डावा हात सुटला नाही. ती माझ्या नडग्यांच्या खाचेत गाल टेकून पडली आणि एक बारीक आवाज काढला. तो मी आधी ऐकला नव्हता. दूध मिळाल्यावर काढते तसा होता, पण लांब. शहराचं पान संपलं होतं. मी मांजर पहिल्यापासून सांगितलं.

सात वाजून पन्नास मिनिटांनी तिला पंच्यात गुंडाळलं. सतरंजीवर पुसलं. काखा, मान, कानांच्या मागे. झबलं घातलं, नाडी एकाच प्रयत्नात बांधली गेली. टोपडं. दुपट्याची पहिली घडी पायांवरून, दुसरी डावीकडून, तिसरी उजवीकडून, हात मोकळे. बायकोने तिला घेतलं. बायकोचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

सासूबाई बाथरूमच्या दारातून हलल्या नव्हत्या.

"गुरुवारी पाणी येत नाही काय इकडं?" त्यांनी विचारलं.

"आपल्याकडे टँकर येतो, आई," बायको म्हणाली.

"येतेच? नक्की?"

"गुरुवारी दोन येतात."

"मंग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या.

त्या आतल्या खोलीत गेल्या. बॅगची चेन उघडल्याचा आवाज आला. नऊ वाजता मी आत डोकावलो तेव्हा सहा टोपडी, नऊ झबली, बारा लंगोट आणि चार दुपटी कपाटाच्या मधल्या फळीवर होती. डिंकाच्या लाडवांचा डबा वरच्या फळीवर. बॅगेत फक्त त्यांच्या साड्या होत्या.

"दुपारी तीनले तुमचे बाबा येतेत ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"आजपासून. दुसरी पाळी."

"त्यांले सांगा, पोरीले सांजच्याला अंगावर घेऊन हिंडवा लागते. आणि ते मांजराचं रोज रोज नका सांगू. कंटाळन पोरगी."

पावणेनऊला मावशींचा फोन येऊन गेला होता. लोणीकंदला मुलगी झाली होती. दोन किलो सातशे. त्यांनी विचारलं, "घातली का आंगूळ?" मी हो म्हटलं. "रडली?" एकदा, मी म्हणालो. "एकदा चालतंय," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

निघायला पन्नास मिनिटं उशीर झाला, कारण मेहुण्याला मुलीला अजून एकदा घेऊन बघायचं होतं. गाडी दहा वाजून पन्नास मिनिटांनी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडली. गाडीत सासूबाई आणि मेहुणा, अशी दोन माणसं होती.

मुलगी आठ वीसला झोपली होती. मेहुण्याच्या हातातही ती जागी झाली नाही. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी ती उठली.